उभ्या भातातली लढाई

आबा, कादंबरी पुरी झाली, आणि चांगली झाली आहे. हे माझं मीच सांगते, कारण तुम्ही असतात तर "बरी हाय" याच्यापलीकडे तुमच्या तोंडून शब्द निघाला नसता. तीनशे वीस पानांचा गठ्ठा दोऱ्यानं बांधून टेबलावर ठेवलाय, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर तुमचा अडकित्ता. उद्या अकरा वाजता कुरियरवाला येईल आणि दापोलीतून हे सगळं पुण्याला जाईल. फक्त नववं प्रकरण मी बाजूला काढून ठेवलंय. ते गठ्ठ्यात घालायचं की नाही, हे तुमच्याशी बोलल्याशिवाय ठरवायचं नाही असं मनाशी पक्कं केलं होतं. तुम्हांला जाऊन पंचवीस वर्षं झाली, म्हणून काय झालं? होतात तेव्हा तरी कुठं धड उत्तरं देत होतात!

युद्धाची कादंबरी आहे. हसू नका. एसटीच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून जी काय लढाई झाली असेल तेवढीच माझ्या नावावर, हे मलाही कळतं. पण बत्तीस वर्षं मी मुलांना मराठी शिकवलं, आणि त्यात दरवर्षी एक प्रश्न ठरलेला: कादंबरीतील स्थळाचे महत्त्व स्पष्ट करा, गुण चार. मी फळ्यावर उत्तर लिहायचे, "स्थळामुळे वातावरणनिर्मिती होते, संघर्षाला धार येते", आणि मुलं ते मुकाट्यानं उतरवून घ्यायची. चारपैकी चार देऊन मी मोकळी. त्या वाक्याचा अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. आपल्या घरात तो एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो चौथी पास होता.

आठवतंय का तुम्हांला, मी सहावीत होते. तुम्ही पलटणीतून नुकतेच पेन्शनवर आलेले. शाळेत "माझे वडील सैनिक" या विषयावर निबंधस्पर्धा होती आणि माझा पहिला नंबर आला. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून निबंध वाचतेय, आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही चुलीसमोर उकिडवे बसून सुकट भाजताय. निबंधात तुम्ही शिखरावर उभे आहात, एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात बंदूक, चहूकडून गोळ्या. वाचून झाल्यावर मी मान वर करून बघितलं. तुम्ही सुकट हलवत विचारलंत, "जमीन कसली हाय?"

"कुठली जमीन?"

"ज्या टेकाडावर मला उभा केलंस ती. कातळ हाय का माती? पानी कुठं हाय? वारा कुठनं येतोय?"

"आबा, निबंध आहे तो."

"असू दे की. ह्या निबंधात मी पयल्या ओळीतच मेलो. टेकाडाच्या माथ्यावर झेंडा घेऊन कोन उभा ऱ्हातो गो?"

मी भोकाड पसरलं. आई तुमच्यावर कडाडली, "पोरीनं पयला नंबर काढलान, त्याचं कौतुक ऱ्हायलं बाजूला, नि हे जमीन विचारतायत!" दुसऱ्या दिवशी तुम्ही खेडच्या बाजारातून येताना माझ्यासाठी दोनशे पानी वही आणलीत, जाड पुठ्ठ्याची. हातात देताना म्हणालात, "पयली जागा लिव. मानसं आपसूक येतात." मी रागावलेली होते, त्यामुळे त्या वहीत मी गणितं सोडवली.

एकाहत्तरच्या लढाईबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. वाडीतली माणसं खोदून खोदून विचारायची, किती मारलेत, कसं वाटलं. तुम्ही सांगायचात ते भलतंच. तिकडं पूर्वेला घरोघरी परसात तळं असतं. पोफळी आपल्यासारख्याच, फणससुद्धा. बायका तळ्याच्या काठावर भांडी घासतात, बदकं फिरतात, आणि नजर जाईल तिथवर भात. आपल्या कुणग्यांसारखे टीचभर तुकडे नाहीत, एकाला एक लागून सलग शेतंच शेतं. "सगळं घरच्यासारखं," तुम्ही म्हणायचात, "पन डोंगर नाय. पाठ टेकायला काय नाय." मला तेव्हा वाटायचं, काय हे रटाळ! कुणी बापाला युद्धाचं विचारावं आणि बापानं बदकं सांगावीत!

म्हणून कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मी तुमचं युद्ध घेतलंच नाही. बर्फ घेतला. मोठं युद्ध म्हणजे मोठे डोंगर, ही सहावीतली खोड काही गेली नव्हती. मी आयुष्यात बर्फ पाहिलाय तो मासळीच्या पेटीतला, तरी अडीचशे पानं ठोकून दिली. पुण्याच्या संपादकबाईंनी महिनाभरानं फोन केला. बाई तरुण, पण जिभेला हाड नाही. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या बर्फात कुणी कुडकुडत नाही. माणसं भांडत नाहीत, नुसती भाषणं करतात. हीच माणसं उद्या कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर उभी केलीत तरी एक वाक्य बदलावं लागणार नाही." मी दोन दिवस नीट जेवले नाही. तिला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी डाळ फोडणीला टाकताना एकदम तुमचा आवाज आला, जमीन कसली हाय, आणि डाळ करपली.

मग मी तीच माणसं उचलली आणि तुमच्या भातात नेऊन ठेवली. तोच नाईक, तोच त्याचा दोस्त, तोच साहेब. आबा, काय सांगू तुम्हांला, माणसांची भाषणं बंद झाली, आणि ती भांडायला लागली. बर्फात ती देशावर बोलत होती. इथं पाय कुठं ठेवायचा यावरून भांडू लागली. बर्फात भीती वरून यायची, कड्यावरून, ती सगळ्यांना सारखी. इथं पहाटे कोंबडा आरवतो, कुणाच्या तरी चुलीचा धूर येतो, आणि माणसाला क्षणभर वाटतं आपण घरी आहोत. भीती येते ती त्या क्षणानंतर. खेडच्या माणसाची नजर सकाळी उठल्या उठल्या डोंगर शोधते, तो सापडत नाही म्हणून त्याची चिडचिड होते आणि तो शेजाऱ्यावर खेकसतो. हे मी रचलेलं नाही, बसल्या जागी आपोआप होत गेलं. आता कुणी मला स्थळाचं महत्त्व विचारा, चाराचे चाळीस गुण घेईन.

पण एक गाठ सुटत नव्हती. कादंबरीतला दोस्त मरतो, आणि तो कसा मरतो हे मला ठाऊक नव्हतं. तुमचाही दोस्त तिथंच गेला होता, नदीपलीकडच्या गावातला. एवढंच घरात ठाऊक होतं. एवढंच, आणि दुसरी ती गोष्ट, जिच्यावरून आपलं घर दरवर्षी पेटायचं.

दरवर्षी लावणीला तुम्ही आधी जगबुडी नदी ओलांडून त्या दोस्ताच्या बायकोच्या, काकीच्या शेतावर जायचात. दरवर्षी कापणीला आधी तिची कापणी. आपल्या दोन कुणग्यांतलं भात पिकून झडायला लागलेलं, आई एकटी विळा घेऊन वाकलेली, आणि तुम्ही पलीकडं. वाडीत कुजबुज होती. काकी विधवा, तरुण, मूलबाळ नाही. लोकांच्या तोंडाला काय हात लावणार? आई बोलायची नाही, भांडी आपटायची. मी सोळा वर्षांची होते त्या वर्षी एका संध्याकाळी तुम्ही तिकडून आलात, पायाला चिखल, आणि मी ओटीवर उभी राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं, "एवढं प्रेम उतू जातंय तर तिकडंच का राहत नाही?" तुम्ही पाय धुतलेत. जेवलात. उठताना म्हणालात, "उद्या आपलं भात कापायचं हाय, लवकर उठ." मी उठले, कापलं, पण तुमच्याशी बोलले नाही. मृगापर्यंत बोलले नाही. त्यानंतर बोलायला लागले ते कामापुरतं, आणि मग लग्न होऊन दापोलीला आले.

गेल्या उन्हाळ्यात मी केळशीला गेले. तिथं तुमच्या पलटणीतले एक जण आहेत, आता ऐंशी पार झालेत, आमराईत खुर्ची टाकून बसतात आणि राखणदारावर डाफरतात. मी तुमची मुलगी म्हटल्यावर त्यांनी आधी कैरीचं पन्हं पाजलं आणि मग, जणू मी विचारणारच होते अशा थाटात, सांगायला सुरुवात केली.

"अगो, हुकूम होता पसरून जायचा. पिकातनं. आमचा साहेब वाळवंटाकडचा. त्याला भात म्हणजे आडोसा. म्हणाला, कमरेएवढं पीक आहे, वाकून शिरा, दिसणार नाही. पुढं तुझा बापूस. सकाळची वेळ, धुकं. हुकूम ऐकलान, हो साब म्हणालान, नि पाय ठेवलान तो बांधावर. आम्ही त्याच्या मागं, एकामागोमाग, लावणीला निघाल्यासारखे. समोर बांबूच्या बेटात मशीनगन होती. बांध तो काय, वीतभर रुंद नि आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच. तुझा बापूस तेवढ्यात वाकला, पायात काय तरी अडकलं म्हणून. मागच्याला, त्याच्या दोस्ताला लागली."

"म्हणजे चूक आबांची होती," मी म्हटलं.

"चूक तर चूक. पण मी तरी कुठं पिकात उतरलो? मागं होतो, मला कोण अडवत होतं? आम्ही सगळे भातवाले गो. उभ्या भातात पाय घालायचा नाय, हे आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. पायाला विचारून कोण चालतो?"

केळशीहून दापोलीपर्यंत एसटीनं मी कशी आले ते आठवत नाही. मला आठवत होते आजोबा. आपली वाडी गावाच्या खालच्या अंगाला, लोकांच्या शेतावर राबणारी. आजोबांचा पाय एकदा वरच्या आळीतल्या कुणाच्या उभ्या भातात पडला, तर त्यांनी भर खळ्यावर मार खाल्ला आणि वर हात जोडून माफी मागितली. तुम्ही आठ वर्षांचे होतात आणि तिथं उभे होतात. हे मला आईनं सांगितलं होतं, तुम्ही कधीच नाही. म्हणजे केळशीचे ते म्हणतात ते खरं, पण अर्धं. तुमच्या पायाला भाताची माया होतीच, आणि त्याच पायाला भाताची भीतीही होती. साहेबाचा हुकूम तुमच्या कानात होता आणि आजोबांचा मार पायात. मला संताप आला, तुमचा नाही, त्या खळ्याचा. इतक्या दूर, परक्या मुलखात, बंदूक हातात असलेल्या माणसालासुद्धा ते खळं सोडत नव्हतं.

हेच माझं नववं प्रकरण. शत्रू समोर बांबूत बसलाय, पण लढाई चाललीय हुकूम आणि पाय यांच्यात, आणि तिचा निकाल वीतभर बांधावर लागतो. बर्फात हे घडलंच नसतं. बर्फात कुणाचं पीक? मी ते प्रकरण चार दिवसांत लिहिलं आणि एक ओळ खोडली नाही. लिहून झाल्यावर कळलं की ते असं छापता येणार नाही. ज्या बाईचा नवरा त्या बांधावर पडला ती अजून जिवंत आहे. नाव बदललं म्हणून काय झालं, त्या खोऱ्यात दोन माणसं वाचतील आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळेल की तो कुणामुळे मेला. आणि ते तिला माझ्याकडून कळायचं?

पंधरा दिवसांपूर्वी मी गेले. दापोलीहून खेड, खेडहून रिक्षा, नदीवरचा पूल. काकी खळ्यात होत्या. पंचाहत्तरीच्या, वाकलेल्या. भात वाळत घातलं होतं आणि त्या त्यातून पाय ओढत चालत होत्या, भाताच्या ओळी पडत होत्या, खालचं वर येत होतं. मला ओळखलं नाही. नाव सांगितलं तशा थांबल्या. "तू गो त्याची? मास्तरीण झालीस ती?" पडवीत बसवलं, चहा टाकला. मी म्हटलं, काकी, मी एक गोष्ट लिहिलीय, ती तुम्हांला ऐकवायची आहे, आणि ऐकून तुम्ही नको म्हणालात तर ती मी फाडून टाकीन. "वाच," म्हणाल्या. मी वाचलं. काकी सुपातल्या तांदळातले खडे वेचत ऐकत होत्या, हात एकदाही थांबला नाही.

संपल्यावर मी म्हटलं, "काकी, हे खरं आहे. ते पुढं होते. ते बांधावरून गेले म्हणून."

"मला ठाव हाय की."

"कधीपासून?"

"पयल्याच वर्षी सांगितलान. सुट्टीवर आला, लावणी केलान, हात धुतलेन, नि हितंच, तू बसलीस तिथं बसून सांगितलान. सगळं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणनार? म्हटलं, उद्या परत ये, वरचा कुणगा ऱ्हायलाय."

आबा, मी तिथं रडले. साठीला टेकलेली बाई, निवृत्त शिक्षिका, परक्याच्या पडवीत हुंदके देऊन रडले. तुम्ही अखेरपर्यंत दरवर्षी तो वरचा कुणगा लावलात. आणि मी ओटीवर उभी राहून काय म्हटलं होतं! काकींनी मला रडू दिलं, मग पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, "लिवलंयस चांगलं. पन एक ऱ्हायलंय. धुकं लिवलंस, बांध लिवलास, बांबू लिवलास. भात कसलं व्हतं ते नाय लिवलंस."

"म्हणजे?"

"हिरवं का पिकलेलं? लोंबी भरलेली व्हती का पोचट? माझा माणूस कसल्या भातात पडला, ते मी त्याला इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. त्याला बघितलं की इचारवेना." खडे वेचणारा हात पहिल्यांदाच थांबला. "पिकलेलं असलं तर बरं. पिकल्या भाताचा वास येतो. तेवढा तरी त्याला घरचा आला असंल."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "पिकलेलं होतं, काकी. कापणीला आलेलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. "मग छाप," म्हणाल्या, आणि पुन्हा खळ्यात उतरून भात परतायला लागल्या.

घरी आल्या आल्या मी केळशीला फोन लावला. म्हातारबुवांना विचारलं, त्या दिवशी भात कसलं होतं, हिरवं की पिकलेलं? ते फोनवर खोकत हसले. "अगो, गोळ्या चालल्या होत्या! भाताकडे बघणारा आमच्यात एकच होता, तुझा बापूस."

नववं प्रकरण मी आत्ता गठ्ठ्यात घातलं, आबा. आठव्याच्या खाली आणि दहाव्याच्या वर, दोरा पुन्हा बांधला. त्यात एक ओळ वाढवली आहे, भात पिकलेलं होतं. ओळ चांगली आहे, प्रकरणाला शोभते, संपादकबाई खूश होतील. हे पत्र मात्र कुठल्या पाकिटात घालायचं नाही. ते मी तुमच्या दोनशे पानी वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय, पुढं सगळी सहावीची गणितं आहेत, बरीचशी चुकलेली. वही कपाटात जाईल.

भात कसलं होतं हे मला ठाऊक नाही. विचारायचं होतं त्या वर्षी मी तुमच्याशी बोलत नव्हते.